कुत्रा मागचा भाग जमिनीवर घासतोय? जंताच्या गोळीआधी शेपटीखाली पाहा

वस्तीवरचा राखणीचा कुत्रा बसल्या जागी मागचे पाय पुढे ताणतो आणि बूड जमिनीला टेकवून हात-दोन हात घासत जातो. पोरं हसतात. मोठी माणसं म्हणतात, ‘‘जंत झालेत, गोळी द्या.’’ गोळी दिली जाते. पंधरा दिवसांनी तोच कुत्रा शेपटी दाबून गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला असतो, कोणी जवळ गेले की गुरगुरतो, आणि शेपटीच्या बुडाशी भोक पडून त्यातून रक्तमिश्रित पू वाहत असतो. मग अंदाज बदलतो, ‘‘रात्री कोल्ह्यानं नाहीतर दुसऱ्या कुत्र्यानं फाडलं असणार.’’

पुष्कळदा हे दोन्ही अंदाज चुकलेले असतात. पंधरा दिवसांपूर्वीचे घासणे आणि आजची जखम हा एकाच दुखण्याचा पहिला आणि शेवटचा टप्पा असतो, आणि ते दुखणे असते गुदग्रंथींचे. पहिल्या टप्प्यात ते पशुवैद्यकाच्या हातून पाच-दहा मिनिटांत सुटते. शेवटच्या टप्प्यात गुंगी, चिरा, प्रतिजैविके आणि रोजची मलमपट्टी लागते. पावसाळ्यात त्यात किडे पडले तर कुत्रा हातचा जाऊ शकतो. म्हणून कुत्रा घासताना दिसला की त्याच दिवशी शेपटी उचलून पाहावी.

या ग्रंथी असतात कुठे?

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या आत एकेक छोटी पिशवी असते. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ती वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी असते. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असे समजा. शेपटी वर धरून मागून पाहिले तर चारच्या आकड्याजवळ एक आणि आठच्या आकड्याजवळ दुसरी पिशवी असते. हे चार आणि आठ लक्षात ठेवा, पुढे तेच उपयोगी पडतील.

गुदद्वार आवळून धरणारे आतले आणि बाहेरचे असे दोन स्नायू असतात. त्यांच्या मधल्या जागेत ही पिशवी बसलेली असते आणि एका बारीक नळीने गुदद्वाराच्या कडेला उघडते. कुत्रा शौच करतो तेव्हा घट्ट विष्ठा बाहेर येताना पिशवी दाबली जाते आणि थोडासा स्राव बाहेर पडतो. त्याचा वास सुकट-बोंबलासारखा उग्र असतो. कुत्री एकमेकांना भेटली की आधी मागे जाऊन हुंगतात, त्यात या वासाचाही भाग असतो. कुत्रा फार घाबरला, म्हणजे दिवाळीत अगदी जवळ फटाका फुटला किंवा कोणी कोंडून धरले, तर पिशव्या एकदम रिकाम्या होतात आणि घरभर तो वास सुटतो. असे एखाद्या वेळी झाले तर तो आजार नव्हे.

आजाराचे मूळ या रचनेतच आहे. पिशवी आपोआप रिकामी व्हायची तर विष्ठा घट्ट हवी, नळी मोकळी हवी आणि स्राव पातळ हवा. कुत्र्याला सतत पातळ संडास होत असेल तर पिशवीवर दाबच येत नाही. पिसवांमुळे किंवा त्वचेच्या ॲलर्जीमुळे त्या भागाला सूज आली तर नळीचे तोंड आवळते. लठ्ठ कुत्र्यांतही हा त्रास जास्त आढळतो. कारण काहीही असो, पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी स्राव तुंबून लोण्यासारखा घट्ट होतो. मग त्यात जंतुसंसर्ग होतो, पिशवी सुजते आणि दुखू लागते. त्यानंतर गळू होते. नळीचा रस्ता बंद असल्याने पू कातडी फोडून बाहेर येतो. बाहेरून दिसणारे भोक ते हेच.

ब्रिटनमधील दवाखान्यांच्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्षभरात शंभरातल्या सुमारे चार कुत्र्यांत हा त्रास आढळला. स्पॅनियल, शिह त्झू यांसारख्या लहान जातींत त्याचे प्रमाण जास्त होते. आपल्याकडेही घरात वाढणारे, पाव-बिस्किटांवर पोसलेले पग किंवा पॉमेरेनियन यासाठी अधिक येतात. रानात हिंडणाऱ्या गावठी किंवा कारवान कुत्र्यांत तो तुलनेने कमी दिसतो. पण त्यांच्या शेपटीखाली कोणी पाहत नाही, त्यामुळे ते येतात तेव्हा बहुधा गळू फुटूनच येतात.

लक्षणे

घासणे हे सर्वांच्या नजरेत भरणारे लक्षण, पण ते एकटे नसते. कुत्रा सारखा वळून शेपटीच्या बुडाशी चाटतो, चावतो. बसतो आणि काही टोचल्यासारखा चटकन उठतो. शौचाला बसल्यावर कुंथतो, कधी कण्हतो. अंथरुणावर किंवा पोत्यावर तपकिरी डाग आणि तोच सुकटीचा वास राहतो. काही कुत्री घासत नाहीत, फक्त शेपटी खाली दाबून चालतात आणि पाठीमागे हात लावू देत नाहीत. एरवी पोरांशी खेळणारा कुत्रा शेपटीला हात लागताच दात दाखवू लागला, तर त्याला स्वभाव बिघडला म्हणून मारण्याआधी ही जागा पाहावी.

गळू तयार होत असेल तेव्हा एका बाजूला, चार किंवा आठच्या जागी, लालसर-जांभळी, गरम सूज दिसते. कुत्रा सुस्त होतो, खाणे कमी करतो, अंग तापते. ती सूज फुटली की कुत्र्याला एकदम आराम वाटतो, तो पुन्हा खाऊ लागतो आणि मालकाला वाटते बरा झाला. फसगत होते ती इथे. आतली पिशवी तशीच घाणेरडी राहिलेली असते. वरची जखम भरते आणि काही दिवसांनी पुन्हा तिथेच फुटते.

जंत की गुदग्रंथी?

जंतांमुळे कुत्रा घासत नाही असे नाही. टेपवर्मचे (पट्टकृमीचे) सुटे तुकडे गुदद्वाराशी चिकटतात आणि खाज येते. हे तुकडे तांदळाच्या किंवा काकडीच्या बियांएवढे असतात, ताजे असताना हलतात आणि वाळल्यावर तिळासारखे दिसतात. शेपटीखालच्या केसांत, ताज्या विष्ठेवर आणि कुत्रा झोपतो त्या पोत्यावर ते शोधावेत. सापडले तर जंताचे औषध द्यायलाच हवे, पण कोणते ते पशुवैद्यकाला विचारून. प्रत्येक जंतनाशक टेपवर्मवर चालत नाही. शिवाय कुत्र्यातला नेहमीचा टेपवर्म पिसवांमार्फत येतो, कारण अंग चाटताना कुत्रा पिसू गिळतो. पिसवा तशाच ठेवून नुसती गोळी दिली तर जंत पुन्हा होतात. गायी-शेळ्यांसाठी आणलेले पातळ जंतनाशक अंदाजाने कुत्र्याला पाजू नये, मात्रेत मोठी चूक होते.

तुकडे दिसत नाहीत, गोळी देऊन आठवडा झाला आणि घासणे चालूच आहे, अशा वेळी दुसरी गोळी आणायला जाऊ नका. गुदग्रंथी तपासून घ्या.

शेपटीखाली कसे पाहावे?

यासाठी दोन माणसे हवीत. कुत्र्याची सवय असलेल्याने डोक्याकडे थांबावे. दुखऱ्या जागी हात लागला की घरचा कुत्राही चावतो, म्हणून आधी तोंड बांधावे. सुती कापडाची लांब पट्टी नाकाडावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारावी आणि टोके कानांमागे नेऊन बांधावीत. कुत्रा धापा टाकत असेल, ओकत असेल किंवा चपट्या नाकाचा असेल तर तोंड बांधू नये. अशा कुत्र्याला तपासणे पशुवैद्यकावर सोडावे. बांधलेले तोंड दोन-तीन मिनिटांत सोडावे.

दुसऱ्याने हातमोजे घालून शेपटी अलगद वर उचलावी आणि उजेडात नीट पाहावे. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, चार किंवा आठजवळ फुगवटा, लाली, ओल, भोक आहे का, हे बघायचे. बोटाने दाबून स्राव काढण्याचा प्रयत्न करायचा नाही. मोबाइलवर एक स्पष्ट फोटो काढून ठेवावा. दवाखाना लांब असेल तर पशुवैद्यकाला तो आधी पाठवता येतो, आणि आठवड्याने फरक पडला का हेही त्यावरून कळते. पशुधन पर्यवेक्षक आणि पशुमित्रांनीही ही सवय लावून घ्यावी.

त्या जागी दिसणारी प्रत्येक गोष्ट गुदग्रंथीच असते असे नाही. भांडणातल्या चाव्याच्या जखमा बहुधा मांडीवर, पाठीवर, मानेवर असतात आणि दातांची दोन-दोन भोके जोडीने दिसतात. गुदद्वाराच्या भोवती सगळीकडे अनेक भोके पडून त्यातून पू येत असेल तर तो नळीव्रण म्हणजे भगंदरासारखा वेगळा आजार असू शकतो. तो जर्मन शेफर्डमध्ये विशेष आढळतो आणि त्याचा उपचार लांबतो. म्हाताऱ्या, खच्चीकरण न केलेल्या नर कुत्र्यात गुदद्वाराभोवती बोराएवढ्या टणक गाठी येतात. त्या बहुतेक वेळा साध्या असतात आणि खच्चीकरणानंतर लहान होतात.

अशाच म्हाताऱ्या नरात गुदद्वाराच्या बाजूला मऊ, मोठा फुगवटा आला आणि त्याला शौचाला कुंथावे लागत असेल तर तो हर्निया असू शकतो. तिथले स्नायू सैल होऊन आतडे, कधी मूत्राशयसुद्धा कातडीखाली उतरते. पू साठलाय असे समजून गावात कोणी त्याला ब्लेड लावला तर कुत्रा जगणे कठीण. शेपटीजवळचा कोणताही फुगवटा घरी फोडू नये, याचे मोठे कारण हे आहे. अशा कुत्र्याची लघवी बंद झाली तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट वय झालेल्या कुत्र्यांसाठी. एका बाजूच्या पिशवीच्या जागी दगडासारखी टणक गाठ लागते, ती दुखत नाही, पण कुत्रा अलीकडे खूप पाणी पितो, खूप लघवी करतो, वाळत चाललाय, अशी लक्षणे असतील तर गुदग्रंथीच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. या गाठीमुळे रक्तातले कॅल्शियम वाढते आणि त्यामुळे तहान वाढते. जास्त पाणी पिण्याचा आणि शेपटीखालच्या गाठीचा संबंध मालकाच्या ध्यानात येत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी पशुवैद्यकाला आवर्जून सांगाव्यात.

दवाखान्यात नेईपर्यंत

नुसती सूज असेल आणि दवाखाना उद्याच उघडणार असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने शेकावे. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे आणि त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालावे. स्वच्छ कापड त्यात बुडवून, पिळून सुजेवर दहा मिनिटे ठेवावे, दिवसातून दोन-तीन वेळा. पाणी आपल्या मनगटाला सोसेल एवढेच गरम हवे. गळू फुटले असेल तर भोवतालचे केस जपून कापून त्याच पाण्याने जागा धुवावी. पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर पाण्यात इतके पातळ करावे की त्याचा रंग कोऱ्या फिक्या चहासारखा दिसेल, आणि त्याने पुसून घ्यावे. पट्टी बांधू नये. ती जागा विष्ठेने बरबटते आणि पू आत कोंडतो.

कुत्र्याला चाटू देऊ नये. नरसाळ्यासारखी कॉलर मेडिकलमध्ये मिळते. नाही मिळाली तर जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ मानेच्या मापाने कापून, कडांना कापड गुंडाळून, ती गळ्यातल्या पट्ट्याला बांधता येते. कुत्रा तासभर धडपडतो, मग सवय होते. खाताना तेवढी काढावी.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुटलेल्या गळवावर माश्या बसतात. उबदार हवेत माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर येतात आणि आत शिरतात. म्हणून फुटलेले गळू ‘बघू दोन दिवस’ म्हणून ठेवू नये, आणि तोवर कुत्र्याला माश्या नसलेल्या जागी, शेणाच्या ढिगापासून दूर बांधावे.

जखमेत पेट्रोल, रॉकेल, डिझेल, फिनेल किंवा कीटकनाशकाची भुकटी टाकण्याची पद्धत अजून गेलेली नाही. किडे मरतील, पण गुदद्वाराची नाजूक त्वचा भाजते आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. शेळ्यांना टोचायचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचणे हाही असाच धोका. कोली जातीच्या आणि त्यांच्या संकरातल्या कुत्र्यांना ते विशेष बाधते, आणि गावातल्या संकरित कुत्र्याच्या रक्तात काय आहे हे कोणाला सांगता येत नाही. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नये. माणसाच्या मात्रेतल्या या गोळ्या कुत्र्याचे यकृत, जठर किंवा मूत्रपिंड निकामी करू शकतात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात.

जागा धुतल्यावर किंवा कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय धारेला बसू नका. या पिशव्यांत ई. कोलायसारखे जिवाणू असतात, आणि सडाला लागून कासदाह करणाऱ्यांत तेही आहेत. हाताळताना कुत्रा चावला, तर तो घरचा आणि लस दिलेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावे. चावा का बसला हे कारण माहीत आहे म्हणून रेबीजची लस टाळू नये.

पशुवैद्यक काय करतात?

ते हातमोजा घालून, वंगण लावून एक बोट गुदद्वारात घालतात, अंगठा बाहेर ठेवतात आणि दोन्हींच्या मधे पिशवी चाचपून हळूहळू दाबतात. निघणाऱ्या स्रावावरून अंदाज येतो. पातळ, पिवळसर-तपकिरी असेल तर ठीक. करड्या मलमासारखा घट्ट असेल तर पिशवी तुंबलेली. पिवळा-हिरवा पू किंवा रक्त असेल तर संसर्ग. संसर्ग झालेली पिशवी दुखते, म्हणून गुंगी देऊन, बारीक नळीने सलाइनने धुतात आणि आत औषध भरतात. गळू असेल तर चिरा देऊन पू काढतात, प्रतिजैविक आणि वेदनाशामक देतात. प्रतिजैविकाचा सांगितलेला कोर्स पूर्ण करावा. सूज उतरली म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या की तेच गळू पुन्हा घेऊन यावे लागते.

जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी विचारून पाहावे. फोनवर आजारी जनावर कुत्रा आहे, फुगवटा कुठे आहे आणि लघवी होते की नाही, हे आधी सांगावे.

काही मालक महिन्याच्या महिन्याला ‘ग्रंथी साफ करून द्या’ म्हणत येतात. त्रास नसलेल्या कुत्र्यात हे करू नये. सारखे दाबल्याने पिशवीला आणि नळीला इजा होते, सूज येते आणि नसलेला आजार सुरू होतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून घरी दाबणे तर नकोच. सुजलेली पिशवी चुकीच्या दिशेने दाबली तर ती आतल्या आत फुटते.

वारंवार होत असेल तर

आधी विष्ठा पाहा. ती घडीव नसेल तर ग्रंथी कितीही वेळा रिकाम्या केल्या तरी त्रास परत येणारच. मोठ्या कुत्र्यांना दूध पचतेच असे नाही, अनेकांना त्याने पातळ होते. पंधरा दिवस दूध पूर्ण बंद करून फरक पडतो का पाहावे. पाव, बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ यांत चोथा जवळजवळ नसतो. ज्वारी-बाजरीची भाकरी त्यापेक्षा केव्हाही बरी. तिच्याबरोबर अंडे, शिजवलेले मांस किंवा डाळ यांतून प्रथिने मिळायला हवीत. उकडून कुस्करलेला लाल भोपळा चांगला उपयोगी पडतो. दहा किलोच्या कुत्र्याला रोज एक-दोन मोठे चमचे, मीठ-मसाल्याशिवाय, जेवणात कालवून द्यावा. तेवढ्याने विष्ठा जास्त मऊ झाली तर प्रमाण कमी करावे. कांदा-लसणाची आमटी, द्राक्षे, बेदाणे कुत्र्याला घालू नयेत, ते विषारी ठरतात. द्राक्ष पट्ट्यात बेदाणा शेडवर कुत्री बांधतात तिथे हे मुद्दाम सांगायला हवे. शिजवलेल्या कोंबडीची हाडे तर टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात.

कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागत नसतील तर तो लठ्ठ आहे, खाणे कमी करून त्याला हिंडवावे. पिसवांचा बंदोबस्त कुत्र्याबरोबर त्याच्या पोत्याचा आणि बसण्याच्या जागेचाही करावा लागतो. वर्षभर पाय चाटणे, कान खाजवणे, त्वचा लाल होणे चालू असेल तर मूळ दुखणे ॲलर्जी असते आणि ग्रंथी हा तिचा एक भाग. तिथे उपचार त्वचेचा करावा लागतो.

हे सगळे करूनही वर्षातून तीन-चार वेळा गळू होत असेल तर शस्त्रक्रियेने पिशव्या काढून टाकता येतात. कुत्र्याचे त्यावाचून काही अडत नाही. मात्र सूज पूर्ण उतरल्यावरच ती करतात. पिशवी स्नायूंच्या मधे असल्याने त्यांना इजा झाली तर कुत्र्याचा शौचावरचा ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून सरावलेला शल्यचिकित्सकच निवडावा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत अशा शस्त्रक्रियांबद्दल चौकशी करता येते. जाताना आधीच्या उपचारांचे कागद आणि मोबाइलमधले फोटो सोबत न्यावेत. कोणत्या बाजूला किती वेळा गळू झाले, हे त्यांना पहिल्यांदा विचारायचे असते.